थकलेल्या मुलांचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

१९८५चा पावसाळा होता. माझा मावसभाऊ, म्हणजे आमच्या खालाचा मुलगा, तेव्हा नववीत होता. जुलैत त्याला ताप आला. आठ-दहा दिवसांत ताप उतरला, पण पोरगा काही उभा राहीना. सकाळी खाला त्याला हलवून जागं करायची. तो उठून बसायचा आणि शर्टाची बटणं लावता लावता पुन्हा आडवा व्हायचा. दिवाळीपर्यंत शाळा सुटल्यातच जमा झाली. मामू म्हणाले, "कामचोर आहे." शाळेतल्या एका सरांनी अंगातला आळस काढायचा म्हणून त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला तो मटकन खाली बसला आणि पुढचे चार दिवस अंथरुणातून उठला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून लोहाचं टॉनिक दिलं. दर्ग्यातून ताईत आणून झाला. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. सहा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हापासून हे पोर हसेनासं झालं होतं. "किती शांत, किती समजूतदार," असं आम्ही त्याचं कौतुक करायचो.

त्याला झालं होतं काय? तो तापाचा मार होता, की आठव्या वर्षी गिळलेल्या दुःखाचा? मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा कळलं, की हा प्रश्न निदान दीडशे वर्षांचा आहे. त्याची उत्तरं देताना मोठमोठी डॉक्टर मंडळीही आमच्या मामूंपेक्षा फार वेगळी वागली असं नाही.

आपल्या भाषेतच पाहा. 'मरगळ' हा शब्द घ्या. ती अंगाला येते की मनाला? दोन्हीला. 'जीव दमला' म्हणतो तेव्हा दमलं नेमकं कोण? 'गळून गेलो', 'त्राण नाही', 'कशात जीव रमत नाही', हे सगळे शब्द शरीर आणि मन यांच्यामधल्या उंबरठ्यावर बसलेले आहेत. वैद्यकशास्त्राला मात्र असं उंबरठ्यावर बसून चालत नाही. त्याला कुठल्या तरी एका खोलीत जावंच लागतं.

पहिली खोली उघडली न्यूयॉर्कच्या जॉर्ज बीअर्ड या डॉक्टरने. १८६९ साली त्याने 'न्यूरास्थेनिया' हा शब्द रूढ केला. न्यूरास्थेनिया म्हणजे मज्जातंतूंचा थकवा. बॅटरी उतरावी तशी माणसाच्या मज्जातंतूंतली शक्ती उतरते, असं त्याचं म्हणणं. १८८१च्या पुस्तकात त्याने कारणंही दिली: वाफेचं इंजिन, तारायंत्र, वर्तमानपत्रं, विज्ञान आणि स्त्रियांचं शिकणं! (आजचे लोक मोबाइलला दोष देतात. यादी बदलते, सूर तोच.) पण एक मोठं काम त्याने केलं. थकवा हा आजार असू शकतो, तो आळस नव्हे, असं तो म्हणाला. अडचण एवढीच, की हा मान मिळाला तो मुख्यतः डोक्याने काम करणाऱ्या, पैसेवाल्या मोठ्या माणसांना. मुलं या हिशेबात फारशी नव्हतीच.

मुलं आली ती लंडनमध्ये, १८८४ साली. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं होऊन थोडीच वर्षं झाली होती. निरीक्षक वर्षातून एकदा येऊन परीक्षा घेत आणि निकालावर शाळेचं अनुदान ठरे. साहजिकच शिक्षक मुलांना घोकायला लावत. या 'अतिताणा'वर पार्लमेंटात ओरड झाली, तेव्हा सरकारने जेम्स क्राइटन-ब्राऊन या डॉक्टरला चौकशी करायला सांगितलं. हा मनोरुग्णांच्या इस्पितळात आयुष्य काढलेला माणूस. तो लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत गेला आणि मुलांना त्याने अगदी साधे प्रश्न विचारले. डोकं दुखतं का? झोप लागते का? साडेसहा हजार मुलांपैकी ४६ टक्के मुलांनी डोकं नेहमी दुखतं असं सांगितलं. त्याच्या अहवालात अर्धपोटी मुलं आहेत, रात्री झोप न येणारी मुलं आहेत, वर्गात पेंगणारी मुलं आहेत.

शाळा-निरीक्षक जे. जी. फिच यांनी लगेच प्रतिवाद केला. मुलांना विचारून काय कळणार, हा त्यांच्या आक्षेपाचा सूर होता. आकडेवारीच्या काटेकोरपणाबद्दल फिच यांची शंका योग्यही असेल. पण मला या भांडणात वेगळंच दिसतं. थकलेल्या मुलाला कुणी तरी पहिल्यांदा विचारलं, आणि त्याचं उत्तर मानायचं की नाही यावर मोठी माणसं भांडली. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

त्याच सुमारास इटलीत तूरिनला अँजेलो मोस्सो नावाचा शरीरशास्त्रज्ञ थकवा मोजायच्या मागे लागला होता. त्याने एक यंत्र केलं. मधल्या बोटाने दोरीला बांधलेलं वजन पुन्हा पुन्हा उचलायचं आणि बोट कसकसं थकत जातं त्याची रेघ कागदावर उमटायची. हे यंत्र त्याने विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या एका सहकाऱ्याच्या बोटाला लावलं. सकाळपेक्षा रेघ खूपच आखूड! दिवसभरात त्याने बोटाने कसलंही कष्टाचं काम केलेलं नव्हतं. दमलं होतं डोकं, पण दम गेला बोटाचा. मोस्सोचं पुस्तक १८९१चं आहे. मन आणि शरीर यांच्यात भिंत नाही, हे त्या रेघेने तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं मी भरभर उलटतो. न्यूरास्थेनिया हा शब्द पाश्चात्त्य देशांत मागे पडला आणि फ्रॉइडचा जमाना आला. इथे एक विचित्र गोष्ट झाली. मनोविश्लेषण मानणाऱ्या अनेकांनी असा सिद्धान्त मांडला, की लहान मुलाला खरं नैराश्य येऊच शकत नाही. का? तर नैराश्य म्हणजे स्वतःलाच दोष देणं, आणि दोष देणारा मनाचा तो भाग लहानपणी तयार झालेला नसतो. तर्क मोठा बिनचूक, फक्त मुलांकडे न पाहता केलेला.

रेने स्पिट्झने मुलांकडे पाहिलं. स्त्रियांच्या तुरुंगात आईजवळ वाढणारी तान्ही मुलं सहा-आठ महिन्यांची झाल्यावर काही कारणाने आईपासून दूर ठेवली गेली, की त्यांचं काय होतं हे त्याने १९४६ साली नोंदवलं. आधी मुलं रडत. मग रडणं थांबे. मूल भिंतीकडे तोंड करून पडून राही, वजन घटे, हालचाल मंदावे. ज्याला 'मी दुःखी आहे' हे वाक्य बोलता येत नाही, त्याचं दुःख हातापायांत उतरतं. १९५१ साली जॉन बोल्बीने जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात आईपासून तुटलेल्या मुलांचा हाच विषय जगापुढे ठेवला. तरीही शाळकरी मुलाचं नैराश्य मान्य व्हायला आणखी वीस-तीस वर्षं लागली. १९६०च्या दशकात 'झाकलेलं नैराश्य' अशी पळवाट निघाली. म्हणजे मूल उदास दिसत नाही, पण पोट दुखतं, डोकं दुखतं, दमतं, चिडतं. युरोपातल्या बालमानसतज्ज्ञांनी स्टॉकहोमच्या परिषदेत या विषयाला मध्यवर्ती जागा दिली ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेने मोठ्यांच्या नैराश्याचे निकष मुलांनाही लागू होतात हे मान्य केलं १९८० साली. त्या निकषांत एक लक्षण थकवा, शक्ती गेल्यासारखं वाटणं, हे आहे. पिट्सबर्गच्या मारिया कोव्हाक्स यांनी मुलांच्या नैराश्यासाठी जी प्रश्नावली केली, तिच्यातही दमण्याबद्दलचा प्रश्न आहेच.

म्हणजे माझा मावसभाऊ अंथरुणाला खिळला त्याच्या अवघी पाच वर्षं आधी, त्याच्यासारख्या मुलाला नैराश्य येऊ शकतं ही गोष्ट अधिकृतपणे कागदावर आली होती. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांना ती ठाऊक नसेल तर त्यांना काय दोष द्यायचा?

पण ही झाली गोष्टीची एकच बाजू. दुसरी बाजू आइसलँडमध्ये सुरू होते. १९४८-४९च्या हिवाळ्यात तिथल्या आकुरेरी या लहानशा गावात एक साथ आली. आधी पोलिओ वाटला, पण पोलिओसारखी कायमची पांगळी झालेली मुलं दिसेनात. ताप, स्नायूंचं दुखणं, मग महिनोन् महिने न जाणारा थकवा. साडेचारशेच्या वर माणसं आजारी पडली आणि सर्वांत जास्त प्रमाण होतं पंधरा ते एकोणीस या वयात. हा आजार मुलांच्या मनात एकदम कुठून येणार? काही तरी अंगात शिरलं होतं.

१९५५च्या जुलैत लंडनचं रॉयल फ्री हॉस्पिटल अशाच साथीने बंद करावं लागलं. जवळजवळ तीनशे डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आजारी. या आजाराला पुढे 'मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस' असं जिभेला वळसा घालणारं नाव मिळालं. आणि पंधरा वर्षांनी, १९७० साली, मॅकएव्हडी आणि बीअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळून निकाल दिला: हा सामूहिक उन्माद होता. (योगायोग पाहा, थकव्याला आजार म्हणणाराही बीअर्ड आणि या थकव्याला उन्माद म्हणणाराही बीअर्डच!) रुग्णांत बायका जास्त होत्या, हाही त्यांचा एक पुरावा.

मॅकएव्हडीने याआधी ब्लॅकबर्न गावातल्या शाळकरी मुलींचा अभ्यास केला होता. १९६५ साली तिथे एका शाळेत मुली एकामागून एक चक्कर येऊन पडल्या आणि ऐंशीच्या वर मुलींना इस्पितळात न्यावं लागलं. तिथे भीतीने भराभर श्वास घेण्याची लागण झाली, हा निष्कर्ष पटण्यासारखा आहे. चूक झाली ती पुढे. एका शाळेत दिसलेलं उत्तर दुसऱ्या कुलपाला लावलं गेलं. हा मॅकएव्हडी इतिहासाचे नकाशे काढणारा म्हणूनही नावाजलेला होता. नकाशा काढणाऱ्याचा मोह मला कळतो. कोरी जागा ठेवायला त्याचा हात धजत नाही.

त्या निकालाची किंमत पुढे मुलांनी मोजली. १९८४ ते १९८७ या काळात, म्हणजे नेमक्या आमच्या घरच्या कहाणीच्या वर्षांत, न्यूयॉर्क राज्यातल्या लिंडनव्हिल या खेड्यात डेव्हिड बेल या डॉक्टरकडे एकामागून एक मुलं येऊ लागली. ताप, घसा, आणि मग न संपणारा थकवा. १९८८ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव दिलं. वर्तमानपत्रांत मात्र 'पैसेवाल्या तरुणांचा फ्लू' म्हणून चेष्टा चालू होती. बेलने आपल्या मुलांचा हात सोडला नाही. तेरा वर्षांनी त्याने ३५ जणांना पुन्हा गाठलं. १३ पूर्ण बरे झाले होते. १५ जणांचं बरं चाललं होतं, तरी दुखणं पुरतं गेलं नव्हतं. ४ आजारीच होते आणि ३ पूर्वीपेक्षा वाईट. मला हा अभ्यास लहान असूनही आवडतो, कारण त्यात मुलं मोठी झालेली दिसतात.

आता दोन्ही बाजू समोर आहेत. बालपणीचं नैराश्य खरं, आणि कुमारवयातला हा चिवट थकवाही खरा. मग त्यांचं नातं काय? हे शोधायला ब्रिटनकडे एक अद्भुत साधन होतं. तिथे १९४६च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांवर मुलांच्या आयुष्याची नोंद तेव्हापासून ठेवली गेली आहे. तसंच १९७०च्या एप्रिलमधल्या एका आठवड्याचं, आणि तसंच १९९१-९२मध्ये ब्रिस्टलच्या परिसरात दिवस गेलेल्या चौदा हजारांवर मातांच्या मुलांचं. आपल्याकडे जन्माचा दाखला मिळवताना नाकी नऊ येतात, तिथे हे लोक पोराच्या झोपेचीसुद्धा नोंद ठेवतात!

गंमत अशी, की या नोंदवह्यांनी एकमुखी उत्तर दिलंच नाही. १९७०च्या मुलांवरचा अभ्यास २००४ साली आला. त्यात बालपणीच्या मानसिक त्रासाचा आणि पुढच्या दीर्घ थकव्याचा संबंध सापडला नाही. १९४६च्या मुलांवरचा २००८ साली आला. त्यात पंधरा ते छत्तीस या वयात मानसिक आजार झालेल्यांना पुढे हा थकवा होण्याची शक्यता जास्त दिसली. ब्रिस्टलच्या मुलांत सातव्या वर्षी दिसलेल्या मानसिक त्रासाचा तेराव्या वर्षीच्या थकव्याशी धागा जुळला, आईच्या नैराश्याचाही जुळला. आणि त्याच मुलांची सोळाव्या वर्षीची आकडेवारी २०१६ साली प्रसिद्ध झाली, ती मी दोनदा वाचली. प्रश्नावलीनुसार १.८६ टक्के मुलं या दीर्घ थकव्यात बसत होती. पण ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त आहेत ती मुलं वगळली, तर उरली ०.६० टक्के.

म्हणजे शंभरातली जवळजवळ सत्तर थकलेली मुलं उदासही होती. मामूंसारखा माणूस म्हणेल, "बघा, मनाचंच आहे." पण उरलेली तीस? ती उदास नव्हती, तरी उठू शकत नव्हती. आणि त्या सत्तरांतही आधी काय आलं, ते हा आकडा सांगत नाही. चौदा वर्षांचं पोर सहा महिने खिडकीतून मित्रांचं क्रिकेट बघत पडून राहिलं, तर ते उदास होणार नाही तर काय?

तापाचा धागाही तितकाच पक्का आहे. शिकागोच्या परिसरात ग्लँड्युलर फीव्हर झालेल्या ३०१ कुमारवयीन मुलांवर नजर ठेवली गेली. सहा महिन्यांनी १३ टक्के मुलं या थकव्यात होती, दोन वर्षांनी ४ टक्के. ऑस्ट्रेलियातल्या डबो गावात वेगवेगळ्या संसर्गांनंतरच्या थकव्याचा माग काढला, तर तो मूळ आजार किती तीव्र होता यावर अवलंबून दिसला, आधीच्या मानसिक आजारावर नाही. २०२० नंतर कोविडने हेच जगभर पुन्हा दाखवलं.

तुम्ही म्हणाल, शरीर की मन, नाव काहीही द्या, फरक काय पडतो? फरक उपचारात पडतो आणि तो मोठा आहे. नैराश्यात हळूहळू चालणं-फिरणं वाढवलं तर बहुधा फायदा होतो. या दुसऱ्या आजारात मात्र झेपेल त्यापलीकडे श्रम झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५च्या अहवालात हेच आजाराचं मुख्य लक्षण मानलं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शिकेत ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा जुना उपचार काढून टाकला. त्या उपचारावर तिथे बराच वाद झाला, अजूनही होतो. मला मात्र ते वाचताना शाळेचं मैदान आठवलं. तिसरी फेरी.

आपल्याकडचा एक अभ्यास सांगायलाच हवा, तो मोठ्या बायकांचा असला तरी. २००५ साली गोव्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा ते पन्नास वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांपैकी १२ टक्क्यांना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. आपण लगेच म्हणू, अंगात रक्त कमी. तर हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध लागला नाही. संबंध लागला तो मानसिक त्रासाशी, गरिबीशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी. चीनमध्ये १९८०च्या सुमारास आर्थर क्लाइनमन यांना असंच काहीसं दिसलं होतं. हुनान प्रांतात न्यूरास्थेनियाचे म्हणून आलेल्या शंभर रुग्णांपैकी ८७ जणांना त्यांच्या मते नैराश्य होतं. ते लोक खोटं बोलत नव्हते. 'मन मोडलंय' म्हणायची सोय नसली, की माणूस 'अंग मोडलंय' म्हणतो, आणि अंग खरोखरच मोडलेलं असतं. माझ्या खालाने नवरा गेल्यावर दोन वर्षं फक्त 'कंबर धरली' एवढंच म्हटलं.

मावसभाऊ दीड-दोन वर्षांनी हळूहळू सावरला. टॉनिकने, ताइताने, की आपोआप, कुणास ठाऊक. दहावी त्याने बाहेरून दिली. आज त्याचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारी दोन तास तो दुकानाचं शटर खाली ओढतो आणि झोपतो. गिऱ्हाइकांना ते ठाऊक आहे. हे भाषण लिहायच्या आधी मी त्याला फोन केला आणि चाळीस वर्षांनी विचारलं, "तेव्हा तुला नेमकं काय होत होतं रे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाई, शाळेची पहिली घंटा घरात ऐकू यायची. उठावंसं वाटायचं, पण चपला पायात घालायच्या नुसत्या विचारानेच दम लागायचा. आणि अब्बांच्या चपला अजून दाराशीच असायच्या, अम्मीने त्या कधी उचललीच नव्हत्या ना."